दिवस मावळायच्या आत

गॅसची टाकी आली म्हणून आक्कानं अकरा घरांना उपकारस्तुतीला बोलावलं, तेव्हाच मी ह्यांना म्हणाले होते, "ही बाई डोक्यानं सरकलेली आहे." हे नुसते हसले. सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "चल लवकर, चिवडा संपेल."

आमच्या ख्रिस्ती घरांत उपकारस्तुती ही काही ऊठसूट करायची गोष्ट नव्हे. मुलगा पास झाला, मुलीचं जमलं, ऑपरेशन पार पडलं, घर बांधून झालं, की पाळकसाहेबांना विचारून दिवस ठरवायचा. सतरंज्या अंथरायच्या. दोन गीतं, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा, मग घरच्या माणसानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मग प्रार्थना आणि चहा-फराळ. माझे वडील सोलापूरला पाळक होते. देवासमोर काय घेऊन जावं आणि काय नाही याची समज मला लहानपणापासून आहे, निदान तसं मला वाटायचं. गॅसची टाकी त्यात बसत नव्हती.

आक्काला मात्र काहीही चालायचं. तीन दिवस गेलेली लाईट आली, बोलवा. दुखरी दाढ निघाली, बोलवा. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव तहसीलमधून दुरुस्त होऊन आलं, त्या दिवशी तर तिनं शिरा केला होता. एकदा म्हैस व्याली म्हणून बोलावलं, आणि म्हैस हिची नव्हेच, गल्लीत दूध घालणाऱ्या म्हातारीची. ती म्हातारी धनगराची, मंगळवारी तुळजापूरच्या दिशेला हात जोडून मगच पाणी पिणारी. पण आक्काच्या घरची एक प्रार्थना तिनं कधी चुकवली नाही. उंबऱ्यावर बसायची, आणि पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले की मध्येच "आमेन" म्हणून मोकळी व्हायची.

आक्काचा एक नियम होता. "उपकारस्तुती शिळी करू न्हाय. ज्या दिशी मिळालं त्या दिशी, दिवस मावळायच्या आत." पाळकसाहेबांकडे आसपासची चार-पाच गावं आणि एक मोटारसायकल. ते कुठं नळदुर्गला नाहीतर उमरग्याला असले, तर ही त्यांच्यासाठी थांबायची नाही. "साहेब गावात न्हाईत तर न्हाईत. देव तर हाय की गावात," म्हणायची आणि चिवड्याला फोडणी टाकायची.

दिसायला म्हणाल तर उंच, हाडकुळी, चष्म्याच्या एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला, खांद्याला रेक्झिनची फुगलेली पर्स. आवाज असा की लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटी मागं घेताना तिलाच उभं करावं. गाण्याचं अंग तर देवानं दिलेलंच नव्हतं. तरी पाळकसाहेबांचं आमेन पुरतं व्हायच्या आत ही गीत उचलायची, तेही भलत्याच पट्टीत, आणि सगळ्या मंडळीला तिच्यामागं फरफटत जावं लागायचं. पाळकसाहेबांनी कितीदा तरी समजावलं, "आक्का, माझं संपू तरी देत जा." ती गयावया करून म्हणायची, "साहेब, मला दमच निघत न्हाय बघा." पुढच्या रविवारी परत तेच.

आता सरळच सांगते. मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका. ती पहिलीला, मी चौथीला. वयानं ती मोठी, पण या शाळेत मी चार वर्षं आधी आलेली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं. महिन्याभरात हेडमास्तरांपासून तहसीलच्या शिपायापर्यंत सगळे तिला आक्का म्हणायला लागले. मला सगळे मॅडम म्हणायचे. तीस वर्षांत कुणी दुसरं काही म्हटलं नाही. माझ्या वर्गातली पोरं स्कॉलरशिपला बसायची, नंबरात यायची. आणि मोठी झाली की गावाकडं आल्यावर पाया कुणाच्या पडायची? जिनं त्यांना फक्त अ आ इ शिकवलं, तिच्या.

दुपारच्या खिचडीच्या वेळी ती पोरांना ताट पुढं ओढू द्यायची नाही. आधी खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं नाव घ्यायचं, "ताई, तुमचे लई उपकार," म्हणायचं, मग घास. ती ताई भिंतीआड उभी राहून पदरानं तोंड पुसायची. मी मनात म्हणायचे, नाटकं आहेत सगळी. पण माझ्या वर्गाला वाढताना त्याच ताईचा डाव अर्धाच भरायचा, आणि पहिलीच्या पोरांना ताटाबाहेर सांडेस्तोवर.

तिच्याकडं चहाला जाणं म्हणजे गार चहा पिणं. कप हातात आला की ती डोळे मिटायची. "बापा, चहा दिलास. दूध घालणाऱ्या म्हातारीला बरं ठेव. तिच्या म्हशीला ठेव. म्हशीच्या कडब्याला पाऊस लागू देऊ नको. आलं किसताना बोट कापलं न्हाय, ते बी तूच बघितलंस." इकडं चहावर साय धरलेली. आम्ही एकमेकांकडं बघत बसायचो. हे मात्र मन लावून ऐकायचे आणि घरी आल्यावर तिची नक्कल करायचे, "बापा, चष्म्याचा दोरा तुटला न्हाय." हे हसायचे आणि मी चिडायचे.

एकदा उमरग्याला ट्रेनिंगला निघालो होतो. एसटी लागली, मी खिडकी धरली. ही खाली, बसच्या पत्र्यावर हात ठेवून डोळे मिटून उभी. कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि घंटी दिली. बस हलली तशी ही मागं धावली, पण राहिलीच. दीड तासानं वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून आली. मला वाटलं, आता तरी जिरली असेल. तर म्हणते कशी, "मॅडम, एवढी पळाले पण चप्पल तुटली न्हाय बघ. नवी न्हाय, जुनीच हाय ती!" आणि ट्रेनिंगच्या हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची तिलाच मिळाली.

बरं, हिच्याकडं असं होतं तरी काय? लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा गेलेला. मूलबाळ नाही. दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. एका डोळ्यानं अंधुक दिसायचं. माझ्याकडं सगळं होतं. बोलघेवडा, हौशी नवरा, पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा, पाळकाच्या घरातलं वळण. चारचौघांत प्रार्थना करायला उभी राहिले तर एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. तरी जळफळाट व्हायचा तो माझा.

आमचं नवं घर झालं तेव्हाची गोष्ट. स्लॅबचं घर, पुढं ओटा, दारात नळ. मी कार्डं छापली होती. शनिवारी दुपारी चार वाजता उपकारस्तुती. खुर्च्या भाड्यानं आणल्या, आचाऱ्याकडून गुलाबजाम करून घेतले. चार वाजले, साडेचार झाले, कुणीच नाही. पाळकसाहेबसुद्धा नाहीत. हे गेटपाशी जाऊन जाऊन येत होते. सव्वापाचला सगळी मंडळी एकदमच आली, हसत-बोलत, आणि पाळकसाहेबांच्या मिशीत चिवड्याचा पोहा अडकलेला.

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी हरवलेली आक्काची कोंबडी त्या दुपारी अडीच वाजता सात पिल्लं मागं घेऊन परत आली होती. मग काय, उपकारस्तुती शिळी कशी करणार? "पाच मिनिटांसाठी या," असं तिनं सगळ्यांना बोलावलं, आणि पाच मिनिटांचे दोन तास झाले. माझ्याकडं आले तेव्हा सगळ्यांची पोटं भरलेली. माझी साक्ष मी आठवडाभर लिहून काढली होती, ती वाचताना दोघांना डुलकी लागली. गुलाबजाम पातेलंभर उरले.

आक्का स्वतः सगळ्यात मागून आली. पदरात एक पिल्लू. "घर नवं, पिल्लू नवं. घे गं मॅडम." मी हात पुढं केला नाही. ह्यांनी केला. त्या पिल्लाला ह्यांनी स्वतःच्या हातानं कण्या घालून वाढवलं. पुढं त्याची चांगली तुरेवाली कोंबडी झाली आणि सदा ह्यांच्या खुर्चीखाली बसायला लागली. मला ती कोंबडी कधी आवडली नाही.

ह्यांना झटका आला तो आमच्या निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी. सकाळी दात घासता घासता तोंड वाकडं झालं आणि हे नळापाशीच बसले. सोलापूरला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, नाहीतर येणारही नाही, धीर धरा. दिवसातून पन्नास वेळा माझं नाव घेणारा हा माणूस. चष्मा कुठंय, विचारायलाही आधी माझं नाव. आता नुसता बघायचा. तेव्हा मी देवाला शब्द दिला, हे पूर्ण बरे होऊ देत, मला पहिल्यासारखी हाक मारू देत, की अशी उपकारस्तुती करीन की पंचक्रोशीतली मंडळी नाव काढतील. तोवर मी मागत राहीन. आणि मागितलं मी, गुडघे सोलपटेपर्यंत मागितलं. मला दुसरं काहीच नको होतं, त्यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचं होतं.

आक्का रोज चारला यायची. ओट्यावर ह्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढायची आणि गावभरच्या गप्पा सांगायची, जणू समोरचा माणूस उत्तरं देतोय. मी आत चहा ठेवायचे. एक दिवस तिचा आवाज आला, "बापा, आज चहा सांडला न्हाय हनुवटीवर. समदा पोटात गेला. लई उपकार."

मी बाहेर आले. "आक्का, चहा सांडला नाही याचे उपकार? माणूस अर्धा लुळा पडलाय इथं. अर्ध्यामुर्ध्या गोष्टीचे आभार मानायला माझं मन धजत नाही. एकदाच मानीन, सगळं नीट झाल्यावर."

ती चिडली नाही. म्हणाली, "अगं, पाव्हणा दारात आला की आधी तांब्याभर पाणी देतो न्हवं आपण? का तू किती दिस राहणार ते सांग, मग पाणी देते, असं म्हणतो?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मनात म्हणून मी कप उचलून आत गेले.

चारेक महिने झाले असतील. मी आत पीठ चाळत होते. बाहेरून असा आवाज आला की चाळणी हातातून पडली. हे हसत होते. खरंच हसत होते, घोगरं, तुटक, पण हसणंच ते. कोंबडी ह्यांच्या पायावर चढून बसली होती म्हणे. मी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आले तोवर हसणं संपलं होतं. आक्का डोळे मिटून उभी, "बापा, हसलं रे लेकरू." लेकरू! माझ्या नवऱ्याला! मी ह्यांच्यापुढं बसले. "हसा ना. माझ्याकडं बघून हसा ना एकदा." हे माझ्याकडं बघत राहिले आणि तोंड मिटून घेतलं.

मी उठले आणि म्हणाले, "आक्का, उद्यापासून येऊ नका. ह्यांना त्रास होतो."

त्रास कुणाला होत होता हे तिलाही कळलं, ह्यांनाही कळलं. तिनं पर्स उचलली. "बरं," म्हणाली. गेटपर्यंत गेली आणि परत फिरली. आता भांडणार, असं मला वाटलं. मीही पदर खोचला होता. तर म्हणाली, "चहा चांगला झालता गं," आणि गेली.

त्यानंतर चार वाजले की हे गेटाकडं तोंड करून बसायचे. मी स्टूलवर बसायचे, तिच्यासारख्या गप्पा मारायला बघायचे, पण मला गावातलं काही ठाऊकच नसायचं. मग शास्त्र वाचायचे, मोठ्या प्रार्थना करायचे, वडिलांच्या पद्धतीनं, एकेक शब्द तोलून. हे डोळे मिटून घ्यायचे. भक्तीनं नव्हे, कंटाळून. तीन आठवडे असे गेले. आक्का शेजारच्या गल्लीतून जायची, पण आमच्या गेटकडं बघायचीसुद्धा नाही. मी सांगितलं होतं ना तसं.

तो बुधवार होता. उन्हं ओट्यावरून उतरायला लागली होती. कोंबडीनं खुर्चीच्या कडेला अंडं घातलं होतं, ते मी उचलून ह्यांच्या मांडीवर, लुळ्या हाताजवळ ठेवलं. उगीच आपलं. आणि त्या हाताचं एक बोट हललं. जरासं सरकून अंड्याला लागलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

बघायला मी एकटीच होते. पहिला विचार काय आला सांगू? बोट हललं त्यात काय, हात हलू दे मग बघू. लगेच मागोमाग तिचं ते पाव्हण्याचं बोलणं आठवलं. दिवस मावळतीला आला होता. मी उभी राहिले. आयुष्यभर लोकांपुढं प्रार्थना केलेली मी, पण तेव्हा एक वाक्य सुचेना. "बापा," म्हटलं, "ह्यांचं बोट हललं. एवढंच. पण हललं."

आणि हे बोलले. स्पष्ट. आजारपणाच्या आधीच्या आवाजात.

"आक्का."

पाच महिने ह्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस मी बदलली. भात कुस्करून भरवला मी. आणि शब्द आला तो तिच्या नावाचा. ते अंडं उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. देवावरही राग आला. एकच मागितलं होतं, तेही पत्ता चुकवून शेजारी दिलंस ना?

हे गेटाकडं बघत पुन्हा म्हणाले, "आक्का."

मी चपला घातल्या.

ती दारात ज्वारी निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं. मी म्हणाले, "ते बोलले."

"काय बोलले?"

"आक्का म्हणाले." हे दोन शब्द तिच्या हातात देताना मला काय झालं ते माझं मला ठाऊक.

ती हसली नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. पदर डोक्यावर घेऊन तिथंच मान खाली घालून बसली. मग चष्मा पुसला आणि माझ्यावरच ओरडली, "मग हितं काय करतीस? चल! दिवस मावळला न्हाय अजून. पर आज म्या न्हाय बोलावणार कुणाला. उपकारस्तुती तुझ्या घरची. तू बोलाव."

आयुष्यात पहिल्यांदा मी कार्ड न छापता अकरा घरं हिंडले. बुधवारच्या प्रार्थनेसाठी पाळकसाहेब गावातच होते. फराळ काही नव्हता, दुकानातून बिस्किटाचे पुडे आणले. सगळे आले. दूध घालणारी म्हातारी उंबऱ्यावर बसली. हे मध्ये खुर्चीत, आक्का मागं भिंतीला टेकून. गीत झालं आणि मी साक्षीला उभी राहिले.

"आज ह्यांच्या तोंडून शब्द निघाला."

सगळीकडून "स्तुती असो, स्तुती असो" झालं. पाळकसाहेब पुढं वाकले. "कुठला शब्द, मॅडम?"

सगळे माझ्याकडं बघत होते. एवढी माणसं, कार्ड न छापता, नुसत्या हाकेवर, माझ्या घरी, माझ्यासाठी आलेली. आणि मी म्हणाले, "माझं नाव. ह्यांनी माझं नाव घेतलं."

साक्षीत खोटं! पाळकाची मुलगी मी. बायांनी डोळ्यांना पदर लावले. आक्काकडं बघायची माझी छाती झाली नाही. आणि पाळकसाहेबांचाही आनंद बघा, ते उठून ह्यांच्यापाशी गेले, खांद्यावर हात ठेवला. "काका, पुन्हा एकदा म्हणा बरं. सगळ्यांना ऐकू द्या."

ह्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ओठ जमवले. तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून गीत सुटलं. आक्का! टाळ्या वाजवत, भलत्याच पट्टीत, भिंतीचा पोपडा पडेल अशा आवाजात. पाळकसाहेब हात वर करून म्हणाले, "अहो आक्का, थांबा की जरा!" ती कुठली थांबते. डोळे घट्ट मिटलेले. म्हातारीनं "आमेन" ठोकलं. सगळ्यांना वाटलं, ही नेहमीचीच, हिला दम निघत नाही. एकेक करून सगळे गायला लागले. तिनं सगळी कडवी म्हटली, शेवटचं तर तीनदा म्हटलं. आणि मध्ये खुर्चीत हे तोंड उघडून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. ओठांवरून मला दिसत होता. ऐकू कुणालाच आला नाही.

जाताना मी तिला गेटपाशी गाठलं. टोमणा मारेल, डोळे वटारेल, काहीतरी करेल, म्हणून थांबले. "बिस्किटं बरी हुती," म्हणाली आणि गेली. माझी लाजसुद्धा तिनंच झाकली. त्या रात्री त्याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून ती परत चारला यायला लागली. हे पुढं सात महिने होते. शब्द तेवढा एकच. पाणी हवं असलं तरी आक्का, उशी सरकली तरी आक्का, मला हाक मारायची तरी आक्का. मी 'ओ' देत राहिले. काय करणार? आवाज तर ह्यांचाच होता. एका सकाळी हे झोपेतून उठलेच नाहीत. पंचक्रोशीत गाजणार होती ती उपकारस्तुती राहूनच गेली. ह्यांच्यासाठी त्या घरात झाली ती एवढी एकच, आणि तिच्यात माझं खोटं.

आक्का यंदा गेली, पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, झाल्यावर. तिच्या मातीला इतकी माणसं आली की कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभी होती. मी मनातल्या मनात म्हणाले, माझ्या वेळी एवढी येतील का? माझा स्वभाव तो, कबरीपाशी तरी कुठं सुटणार?

गेल्या महिन्यात माझ्या बोअरची मोटार आठ दिवस बंद पडून सुरू झाली. पाण्याची धार बादलीत पडली आणि मी पोह्याचा डबा काढला. अकरा घरांना सांगितलं. पाच घरची आली, शिवाय पाळकसाहेब, आणि उंबऱ्यावर म्हातारी. चिवडा खाताना कुणीतरी म्हणालंच, "आक्काच्या चिवड्यात खोबरं असायचं." असू दे.

साक्षीला उभी राहिले. मोटारीचं सांगितलं. खाली बसणार होते, पण बसवेना.

"आणखी एक आहे," म्हणाले. "त्या बुधवारी ह्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. आक्का म्हणाले होते. मी खोटं बोलले. तो उपकार मी तेव्हाच मानायला हवा होता. शिळा केला. आज मानते."

उंबऱ्यावरून म्हातारी म्हणाली, "ठाऊक हाय की समद्यास्नी. सात म्हैने ओट्यावरनं येकच हाक येत हुती. आमी काय भैरे हाव?"

मी विचारलं, "मग कुणी बोललात कसं नाही?"

"दुसऱ्याच दिशी आक्का दारोदार फिरली न्हवं का. म्हणली, तिचंच नाव घेतलं म्हणा. लई वाट बघितलीय तिनं."

आता सांगा, अशा बाईचा हेवा करू नये तर काय करावं?

पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. चांगली चालली होती, वेळेवर संपलीही असती. पण मला दम निघेना. त्यांचं आमेन पुरतं व्हायच्या आत मी गीत उचललं, डोळे मिटून, टाळ्या वाजवत, जेवढा आहे तेवढा आवाज लावून. पाळकसाहेबांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. सगळे गायला लागले.

सूर मात्र बरोबर लागला, नेमका, वडिलांनी शिकवला तसा. तिच्यासारखं बेसूर गायला मला अजून जमत नाही.